बंद नेटवर्कमध्ये पॅकेज कसे पोचते

चंदीगडच्या सेक्टर 39 मध्ये सीएसआयआरची सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे. 1984 साली सुरू झालेल्या या संस्थेला सगळे ‘इमटेक’ म्हणतात. जिवाणू आणि बुरशीचे वाण जतन करणारा तिचा संग्रह देशभरच्या प्रयोगशाळांना ठाऊक आहे. या प्रकरणात मात्र तिच्या दुसऱ्या एका कामाकडे पाहायचे आहे, कारण बंदिस्त संगणकावर प्रोग्रॅम कसे पोचवायचे या प्रश्नाला भारतात जी सविस्तर उत्तरे शोधली गेली, त्यांतले एक इथे तयार झाले.

जी. पी. एस. राघव यांचा जैवमाहितीशास्त्राचा गट इमटेकमध्ये अनेक वर्षे काम करत होता. 2008 साली राघव यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. रोगजंतूच्या प्रथिनातला कोणता तुकडा आपल्या प्रतिकारयंत्रणेच्या नजरेत भरेल, याचा अंदाज बांधणारा त्यांचा ‘प्रोप्रेड’ हा प्रोग्रॅम 2001 साली प्रसिद्ध झाला. लस शोधणाऱ्यांना अशा अंदाजाचा फार उपयोग होतो. या गटाने असे कितीतरी प्रोग्रॅम वेबवर मोफत ठेवले. ब्राउझर उघडा, प्रथिनाचा क्रम चिकटवा, उत्तर घ्या.

यात एक अट होती. आपली माहिती चंदीगडच्या सर्व्हरवर पाठवावी लागे. ज्याचे संशोधन अजून प्रसिद्ध झालेले नाही, ज्याच्या कंपनीने माहिती बाहेर पाठवायला मनाई केली आहे, किंवा ज्याच्या कॉलेजात इंटरनेट दिवसातून दोनदा बंद पडते, त्याला प्रोग्रॅम स्वतःच्या संगणकावर हवा असतो. तिथे खरी अडचण सुरू होते. असा एखादा प्रोग्रॅम एकटा येत नाही. त्याला पर्लची ठरावीक आवृत्ती लागते, क्रमांची तुलना करायला ब्लास्ट लागतो, वर्गीकरणासाठी एसव्हीएम-लाइट लागते. प्रत्येक गोष्ट वेगळ्या ठिकाणाहून उतरवायची, वेगळ्या रीतीने बसवायची, आणि एकमेकींशी जुळवायची. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे शिकवलेले नसते, आणि ते त्याचे मुख्य कामही नाही.

राघव यांच्या गटाने आधी आपले प्रोग्रॅम ‘जीपीएसआर’ नावाच्या एका संचात एकत्र केले. मग पुढचे पाऊल टाकले आणि ऑपरेटिंग सिस्टिमच तयार करून दिली. सीएसआयआरने क्षयरोगाच्या औषधांसाठी 2008 साली ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ हा खुला प्रकल्प सुरू केला होता. त्याचा भाग म्हणून ‘ओएसडीडी-लिनक्स’ आले. औषधशोधाला लागणारी खुली सॉफ्टवेअर, लायब्रऱ्या आणि कामाचे तयार क्रम त्यात आधीच बसवलेले. ही लिनक्स डीव्हीडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून थेट चालू करता येई. संगणकावरच्या विंडोजला हात लावायचा नाही, ॲडमिनचा पासवर्ड मागायचा नाही, इंटरनेट लागत नाही. शिदोरी बांधून द्यावी तसे सगळे एका गाठोड्यात.

हे काम किती महत्त्वाचे होते ते कळायला आधी पॅकेज म्हणजे काय आणि ते अडते कुठे, ते समजून घ्यावे लागेल.

विदेचे, म्हणजे डेटाचे, विश्लेषण करणारे लोक आज मुख्यतः आर आणि पायथन या दोन भाषा वापरतात. आर ही न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 1990 च्या दशकात घडवली. तिचा गाभा लहान आहे. सरासरी, आलेख, नेहमीच्या सांख्यिकी चाचण्या एवढे त्यात असते. कर्करोगाच्या रुग्णांचा जगण्याचा कालावधी एखाद्या नव्या पद्धतीने मोजायचा, नकाशावर आजाराची दाटी दाखवायची, एकेका पेशीतली जनुके किती सक्रिय आहेत ते पाहायचे, असे काही करायचे झाले की कुणीतरी लिहून ठेवलेले जोडपॅकेज आणावे लागते. आरची पॅकेजे ‘क्रॅन’ या भांडारात राहतात. व्हिएन्नातल्या कुर्ट होर्निक आणि फ्रिड्रिश लाइश यांनी ते 1997 साली सुरू केले आणि आज तिथे 20,000 हून अधिक पॅकेजे आहेत. जनुकशास्त्रासाठी ‘बायोकंडक्टर’ हे वेगळे भांडार 2001 पासून आहे. पायथनचे ‘पायपीआय’ 2003 पासूनचे आणि आकाराने कितीतरी मोठे; तिथल्या प्रकल्पांची संख्या पाच लाखांच्या पुढे गेली आहे.

घरच्या लॅपटॉपवर यातले काहीही एका ओळीत बसते. ती ओळ टाइप केली की संगणक भांडाराकडे जातो, पॅकेज उतरवतो, त्याला आणखी कोणती पॅकेजे लागतात ते वाचतो, तीही उतरवतो, त्यांना लागणारीही आणतो. पेशींच्या विश्लेषणात सर्रास वापरले जाणारे ‘सुरा’ हे आरचे पॅकेज मागितले तर अशी साखळी शंभरच्या पुढे जाते. वापरणाऱ्याला हे दिसत नाही. पडद्यावर ओळी सरकत राहतात, आणि शेवटी काम झाल्याचे कळते.

बंदिस्त संगणकावर हीच ओळ टाकली की लाल अक्षरांत चूक येते. इथे बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. अडथळे तीन वेगळ्या जातींचे असतात आणि त्यांची उत्तरेही वेगळी असतात. कधी संगणकावर अधिकार नसतो, कधी इंटरनेट नसते, आणि कधी दोन्ही असून परवानगी नसते. एका अडथळ्यावरचे औषध दुसऱ्याला दिले की आठवडे वाया जातात.

अधिकाराचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. चंदीगडला लागून मोहालीत नाबी, म्हणजे राष्ट्रीय कृषी-अन्न जैवतंत्रज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली तिथे ‘परम स्मृती’ हा 838 टेराफ्लॉप क्षमतेचा महासंगणक बसवला आहे. 1991 च्या ‘परम 8000’ पासून ‘परम’ हे नाव मिरवणारे हे घराणे पुण्याच्या सी-डॅकचे. गहू आणि इतर पिकांच्या जनुकसंचांवर काम करणारे संशोधक अशा यंत्राचा आधार घेतात, कारण गव्हाचा जनुकसंच माणसाच्या जनुकसंचाच्या पाचपटींहून मोठा आहे. एकाच यंत्रावर शेकडो जण काम करतात म्हटल्यावर कुणा एकाच्या हाती ‘रूट’ची, म्हणजे पूर्ण प्रशासकाची, सत्ता देता येत नाही. एकाने एक लायब्ररी बदलली तर दुसऱ्याचे आठवडाभर चाललेले गणित कोसळेल.

तरीही इथे बहुतेक पॅकेजांना रूटची गरज नसते, हे नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे. आर असो वा पायथन, दोन्हींना तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये वैयक्तिक लायब्ररी ठेवता येते. आर तर सामाईक लायब्ररीत लिहिता आले नाही की स्वतःहून विचारतो, वैयक्तिक लायब्ररी तयार करू का? त्याला हो म्हणायचे. पायथनमध्ये प्रत्येक कामासाठी वेगळे आभासी वातावरण तयार करायचे. महासंगणकांवर ‘मॉड्यूल’ नावाची सोयही असते. प्रशासकांनी कंपायलर आणि मोठी सॉफ्टवेअर अनेक आवृत्त्यांत आधीच बसवून ठेवलेली असतात, आणि हवी ती आवृत्ती एका आज्ञेने जवळ घेता येते. पॅकेज बसवायच्या आधी मॉड्यूलची यादी वाचावी. अर्धे काम कुणीतरी आधीच करून ठेवलेले असते.

गोष्ट अडते ती आणखी खाली. नकाशांसाठीचे ‘एसएफ’ हे आरचे पॅकेज घ्या. ते स्वतः लहान आहे, पण गीडाल, जिओस आणि प्रोज या तीन लायब्रऱ्यांवर उभे आहे आणि त्या आरच्या भांडारात नसतात. त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर लागतात. विंडोजवर पॅकेज तयार, बांधलेल्या रूपात मिळते, म्हणून हा प्रश्न कुणाला दिसतच नाही. लिनक्सवर पॅकेज बहुधा मूळ सोर्सच्या रूपात येते आणि तिथल्या तिथे कंपाइल होते. त्या वेळी खालची लायब्ररी नसली की शंभर ओळींचा संदेश येतो. खरे कारण त्यात मध्येच कुठेतरी एका ओळीत असते आणि विद्यार्थी शेवटची ओळ वाचून हताश होतो. संदेश वरून खाली वाचावा आणि पहिली चूक शोधावी. नंतरच्या चुका बहुतेक त्या पहिलीच्याच लेकी असतात.

पायथनचे दुखणे वेगळे. तिथे तयार पॅकेजाला ‘व्हील’ म्हणतात आणि त्या फाइलच्या लांबलचक नावातच सगळी कुंडली असते: कोणत्या पायथनसाठी, कोणत्या प्रोसेसरसाठी, आणि लिनक्सच्या ‘जीलिब-सी’ या पायाभूत लायब्ररीच्या कोणत्या आवृत्तीपासून पुढे. 2014 साली आलेल्या सेंटओएस 7 वर ही लायब्ररी 2.17 आवृत्तीची आहे. संशोधनसंस्थांमधल्या अनेक मोठ्या यंत्रांवर ही सिस्टिम वर्षानुवर्षे चालली. तिचा अधिकृत पाठिंबा 30 जून 2024 रोजी संपला आणि नवी व्हील 2.28 च्या पायावर बांधली जाऊ लागली. जुन्या यंत्रावर असे व्हील नेले तर ते बसत नाही, किंवा ओढूनताणून बसवले तर चालवताना कोसळते. यावर नेहमीचे उपाय दोन. पॅकेजाची थोडी जुनी आवृत्ती घ्या, नाहीतर कंटेनरमध्ये नवे लिनक्सच सोबत न्या. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम, त्याच्या लायब्रऱ्या आणि लिनक्सचा हवा तेवढा भाग एकाच फाइलमध्ये. डॉकर हे त्याचे प्रसिद्ध रूप. पण डॉकर चालवणाऱ्याला जवळजवळ रूटइतकी सत्ता मिळते, म्हणून महासंगणकांवर त्याला सहसा प्रवेश नसतो. तिथे अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत जन्मलेले ‘सिंग्युलॅरिटी’ चालते. 2021 पासून त्याचे नाव ‘ॲपटेनर’ आहे. ते वापरकर्त्याच्या साध्या अधिकारात चालते.

इमटेकने डीव्हीडीवर पूर्ण लिनक्स दिले तेव्हा नेमका हाच विचार केला होता. पॅकेज एकटे नेऊ नका, त्याच्या पायाखालची जमीनही न्या. पुढे राघव दिल्लीच्या ट्रिपल आयटीत गेल्यावर त्यांच्या गटाने तोच संच डॉकरच्या रूपात ‘जीपीएसआर-डॉकर’ म्हणून दिला. माध्यम बदलले, पण तर्क तोच राहिला.

आता इंटरनेट नसलेल्या यंत्राकडे वळू. बाहेरच्या संगणकावर पॅकेज उतरवायचे, पेन ड्राइव्हने किंवा संस्थेच्या ठरलेल्या मार्गाने आत न्यायचे आणि तिथे बसवायचे, असे ऐकायला सोपे वाटते. लोक एक फाइल नेतात. ती बसत नाही, कारण तिला दुसरी लागते. दुसरी नेतात, तिला तिसरी लागते. अशा फेऱ्या घालण्याऐवजी साखळी एकदाच मोजावी. पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या ‘पिप’ या प्रोग्रॅमला ‘फक्त उतरव, बसवू नको’ असे सांगता येते. मग तो पूर्ण साखळी एका फोल्डरमध्ये जमा करतो, आणि आत गेल्यावर ‘बाहेर पाहू नको, याच फोल्डरमधून घे’ असे सांगून ती बसवता येते. उतरवणारा संगणक आणि आतला संगणक यांचे पायथन आणि लिनक्स मात्र एकसारखे हवे, नाहीतर चुकीच्या जातीची व्हील गोळा होतात. विंडोजवर उतरवून लिनक्सवर नेणे ही इथली सगळ्यात नेहमीची चूक. आरमध्ये ‘मिनीक्रॅन’ नावाचे पॅकेज हेच काम करते. हव्या त्या पॅकेजांची नावे दिली की ते त्यांच्या सगळ्या आधारांसह छोटे स्थानिक भांडार तयार करते. बायोकंडक्टरची एक जादा अट लक्षात ठेवावी लागते: त्याची प्रत्येक आवृत्ती आरच्या ठरावीक आवृत्तीशी बांधलेली असते. आतला आर जुना असेल तर बायोकंडक्टरही त्या काळाचेच न्यावे लागते.

विदा-विश्लेषणाच्या स्पर्धा भरवणाऱ्या ‘कॅगल’ या संकेतस्थळावर भाग घेणाऱ्या मुलांना हे सगळे तोंडपाठ असते. तिथल्या अनेक स्पर्धांत अंतिम नोटबुक इंटरनेट बंद ठेवूनच चालवावे लागते, म्हणून मुले व्हीलचा साठा डेटासेट म्हणून आधी चढवतात. सेक्टर 14 मधल्या पंजाब विद्यापीठातला विद्यार्थी काय आणि नांदेडचा काय, घरबसल्या हा सराव करू शकतो. आर आणि पायथन शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात त्याची सोय आहे, आणि ते धडे इंटरनेटशिवाय चालावेत अशा बेतानेच तयार केलेले आहेत. तो प्रकल्प उभारणाऱ्यांनी आपला विद्यार्थी कुठे बसलेला आहे ते नीट ओळखले होते.

तिसरा अडथळा परवानगीचा, आणि त्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे. इथे इंटरनेट असते, संगणक तगडा असतो, फक्त पॅकेज टाकायला मनाई असते. संशोधकाला हा निव्वळ सरकारी आडमुठेपणा वाटतो. पण त्या यंत्रावर काय ठेवले आहे ते पाहा. चंदीगड, मोहाली, संगरूर आणि मानसा या भागांच्या लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदण्या 2013 साली मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयाच्या साथीने सुरू केल्या. अशा नोंदणीत माणसाचे नाव, वय, पत्ता, कर्करोगाचा अवयव, निदानाची तारीख आणि मृत्यू झाला असेल तर त्याची तारीख असते. एखाद्या गावातल्या तरुणीला कोणता कर्करोग झाला आहे ही माहिती बाहेर गेली तर तिच्या घरावर काय गुदरेल, याचा विचार पंजाबात करा किंवा विदर्भात, उत्तर एकच आहे. जगभरच्या नोंदण्यांसाठी फ्रान्समधल्या लियॉं शहरातल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘कॅनरेग 5’ हे सॉफ्टवेअर दिले आहे. त्याचे तक्ते आणि आलेख आरच्या मदतीने तयार होतात. म्हणजे पॅकेजांचा प्रश्न थेट या कामाच्या पोटात आहे.

नोंदणीत एक किचकट काम नेहमी असते. एकच रुग्ण आधी पीजीआयमध्ये गेलेला असतो, मग सेक्टर 32 च्या सरकारी रुग्णालयात, आणि नाव दोन ठिकाणी दोन स्पेलिंगांनी लिहिलेले असते. त्याला एकदाच मोजायचे तर सारखी नावे ओळखणारा प्रोग्रॅम हवा. पायथनमध्ये यासाठी ‘जेलीफिश’ नावाचे चांगले पॅकेज आहे. डिसेंबर 2019 मध्ये पायपीआयवर त्याची एक नक्कल सापडली. इंग्रजी नावातल्या एका छोट्या एलच्या जागी मोठा आय टाकलेला होता. पडद्यावर दोन्ही नावे जवळजवळ एकसारखी दिसतात. नकली पॅकेज बसवणाऱ्याच्या संगणकावरच्या गुप्त किल्ल्या चोरत होते, आणि ते भांडारात सुमारे वर्षभर पडून होते. रुग्णांच्या नोंदी जुळवणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याने घाईत ते टाकले असते तर त्याला दोष कसा द्यायचा?

दुसरे उदाहरण तर मोठ्या, सावध प्रकल्पाचे आहे. 25 ते 30 डिसेंबर 2022 या दिवसांत मशीन लर्निंगसाठीच्या पायटॉर्च या पॅकेजाची रोज तयार होणारी चाचणी आवृत्ती पिपने लिनक्सवर बसवणाऱ्यांच्या संगणकात ‘टॉर्चट्रायटन’ नावाचे बनावट पॅकेज शिरले. पायटॉर्चच्या स्वतःच्या भांडारात त्याच नावाचे खरे पॅकेज होते. कुणीतरी तेच नाव सार्वजनिक पायपीआयवर नोंदवले आणि पिपने सार्वजनिक पॅकेज पसंत केले. बनावट पॅकेजाने वापरकर्त्याच्या फोल्डरमधल्या पहिल्या हजार फाइली आणि किल्ल्या वाचून बाहेर पाठवल्या. पाठवल्या त्या डीएनएसच्या मार्गाने, म्हणजे वेबसाइटचे नाव विचारायच्या निरोपांत लपवून. वेबचा रस्ता बंद केला पण डीएनएस मोकळे सोडले, असे नेटवर्क सुरक्षित समजणाऱ्या प्रत्येक प्रशासकाने हा तपशील लक्षात ठेवावा. संस्थेचे स्वतःचे भांडार असेल तर पिपला फक्त तेच दाखवावे. दोन्ही दाखवून ‘आधी आपले बघ’ अशी आशा ठेवू नये.

याच्या मुळाशी एक गोष्ट आहे जी वापरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असते. पॅकेज बसवणे म्हणजे फाइल कपाटात ठेवणे नव्हे. पायथनचे सोर्स पॅकेज बसवताना त्याच्यासोबतचा प्रोग्रॅम तुमच्या अधिकारात चालतो. आरच्या पॅकेजातली जुळवणीची स्क्रिप्टही तशीच चालते. पॅकेज वापरायच्या आधीच ते तुमच्या फाइली वाचू शकते. क्रॅनवर पॅकेज घेण्याआधी चाचण्या होतात, माणसे त्याकडे पाहतात. पायपीआयवर कुणीही नाव नोंदवून काहीही चढवू शकतो आणि तपास बहुधा नंतर होतो. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्याने बंद पडले आणि देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला कित्येक दिवस कागदावर काम करावे लागले. तो हल्ला पॅकेजातून आला असे कुणी म्हटलेले नाही. पण रुग्णालयाचा संगणक बंद पडला की काय होते ते सगळ्या देशाने पाहिले. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी आता कायद्यातही आणली आहे.

एवढे सगळे मान्य करूनही नुसती मनाई करणाऱ्या संस्थेची बाजू मी घेणार नाही. संशोधकाला ‘नाही’ म्हणून दार लावले आणि पर्याय दिला नाही, तर काम थांबत नाही. प्रबंधाची तारीख ठरलेली असते, मार्गदर्शक वाट पाहत असतात. मग एखादी विद्यार्थिनी रात्री पेन ड्राइव्हवर सगळी विदा घेऊन होस्टेलवर जाते आणि स्वतःच्या लॅपटॉपवर, हव्या त्या पॅकेजांसह विश्लेषण करते. पॅकेज आत येऊ दिले नाही म्हणून रुग्णांची नावे बाहेर गेली. जो धोका टाळायचा होता तोच नियमाने ओढवून घेतला. दोष त्या विद्यार्थिनीचा थोडा आणि भांडार न देणाऱ्या संस्थेचा जास्त आहे. बंदिस्त यंत्र ठेवायचे असेल तर त्याच्या आत भरलेले, ताजे, तपासलेले भांडार ठेवणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. वरून केलेली मेहेरबानी नव्हे.

हे कसे करता येते ते इंग्लंडमध्ये दिसते. 2020 साली कोविडच्या धावपळीत ऑक्सफर्डच्या बेन गोल्डेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ओपनसेफली’ उभे केले. त्याच वर्षी त्यांनी 1 कोटी 70 लाखांहून अधिक प्रौढांच्या वैद्यकीय नोंदींवरून कोविडच्या मृत्यूचा धोका कुणाला जास्त आहे ते ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. संशोधकाला त्यात मूळ नोंदी कधीच दिसत नाहीत. तो बनावट, नमुन्याच्या विदेवर आपला कोड लिहितो आणि तपासतो. कोड आत जातो, खऱ्या नोंदींवर चालतो, आणि बाहेर येतात ते फक्त तपासलेले तक्ते. आतली आर आणि पायथनची पॅकेजे ठरलेल्या कंटेनरमध्ये आधीच बसवलेली असतात. एखादे नवे हवे असेल तर ते मागावे लागते, आणि मिळाले की सगळ्यांना मिळते. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकाच्या मागणीने सगळ्यांचे भांडार भरते.

भारतातही अशी यंत्रे आता वाढणार आहेत. जीनोम इंडिया प्रकल्पातली 10,000 भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती 9 जानेवारी 2025 रोजी संशोधकांसाठी खुली झाली. ती फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात आहे आणि ठरलेल्या नियमांनीच मिळते. अशा विदेवर काम करणाऱ्याला पॅकेजाचा अर्ज कसा करावा हे शिकावेच लागेल.

चांगला अर्ज एका पानाचा असतो. पॅकेजाचे नेमके नाव आणि नेमकी आवृत्ती, ते कुठल्या भांडारातून घ्यायचे, पूर्ण साखळीतल्या प्रत्येक पॅकेजाची यादी, प्रत्येक फाइलचा हॅश. हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेला लांब आकडा. फाइलचे एक अक्षर बदलले तरी तो बदलतो, म्हणून बाहेर तपासलेली फाइल आणि आत पोचलेली फाइल एकच आहे हे त्यावरून पटवता येते. पिपला ‘हॅश जुळला तरच बसव’ असे सांगता येते. आरमध्ये ‘आरएनव्ही’ हे पॅकेज एका कामातल्या सगळ्या आवृत्त्या एका फाइलमध्ये नोंदवून ठेवते. ही यादी जोडली की प्रशासकाचे काम तासाभराचे राहते. ‘मला सुरा हवे आहे’ असे एका ओळीचे पत्र पाठवले तर त्याला ती साखळी स्वतः शोधावी लागते, आणि तो नाही म्हणणार हे उघड आहे. याच यादीचा दुसराही उपयोग आहे. तीन वर्षांनी कुणी निष्कर्षावर शंका घेतली तर तीच पॅकेजे, त्याच आवृत्त्यांसह पुन्हा बसवून तेच गणित करून दाखवता येते. मोकळ्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याकडे अशी नोंद सहसा नसते. बंदिस्त यंत्रावरच्या संशोधकाकडे ती सक्तीने तयार होते.

भांडार एकदा भरून भागत नाही. बायोकंडक्टर दरवर्षी साधारणपणे एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास नवी आवृत्ती देते. पॅकेजांमध्ये सुरक्षेच्या त्रुटी सापडतात आणि दुरुस्त होतात. जुनी पॅकेजे कुणी सांभाळेनासे झाले की क्रॅन त्यांना संग्रहात हलवते. त्यामुळे संस्थेत कुणाला तरी हे पगारी, ठरलेले काम म्हणून द्यावे लागते: सहा महिन्यांनी भांडार ताजे करणे, जुनी प्रत तारखेसह जपून ठेवणे, आलेल्या अर्जांना ठरलेल्या मुदतीत उत्तर देणे. आपल्याकडे हे बहुधा एखादा पीएचडीचा हुशार विद्यार्थी हौसेने करतो आणि त्याची फेलोशिप संपली की भांडार आहे तिथेच थांबते. संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात उपकरणांच्या देखभालीसाठी रक्कम धरलेली असते. पॅकेजांच्या भांडाराची देखभाल त्याच शीर्षाखाली, नावानिशी लिहावी.